सबनीसांचे कान

सुहासिनी सबनीस चोपन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली, कारण तिच्या नवऱ्याला ऐकू येत नव्हतं.

तोवर गाडी पद्माकरच चालवायचे. पण मागून हॉर्न वाजला, ॲम्ब्युलन्स आली तर कळणार कसं, असं म्हणून त्यांनी एके दिवशी किल्ली तिच्यापुढे ठेवली. लीड्सच्या चढउतारांवर क्लच सांभाळताना तिला घाम फुटायचा. टेस्टमध्ये दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा घरी येऊन तिनं ते पद्माकरांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि ते म्हणाले, "छान, छान."

पद्माकर कौन्सिलच्या रस्ते विभागात इंजिनिअर होते. अठ्ठ्याऐंशी साली थोडे लवकरच रिटायर झाले. त्याच हिवाळ्यात त्यांना मोठा फ्लू झाला आणि दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलं. हळूहळू ओसरेल, काही महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. महिने गेले. सुहासिनीनं विचारलं की पद्माकर मान हलवायचे. "कापूस कोंबल्यासारखं वाटतं. तसंच आहे." पुन्हा हॉस्पिटलला जायला ते तयार नव्हते. कानात मशीन घालायलाही नव्हते. "शिट्ट्या मारणारं ते लचांड मला नको," एवढंच म्हणाले.

शेवटी घरानं ते मान्य केलं. घरानं म्हणजे सुहासिनीनं. एकुलती एक मुलगी मीनल बेसिंगस्टोकला एका कंप्युटर कंपनीत होती. ती ख्रिसमसला आणि एखाद्या बँक हॉलिडेला यायची. रोजचं सगळं सुहासिनीवर आलं. गॅसवाले, बँक, कौन्सिल, सगळे फोन ती करायची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ती पद्माकरांच्या शेजारी बसून प्रत्येक भाषण त्यांच्या कानाशी पुन्हा सांगायची. सुमनताईच्या, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या, मुलीचं लग्न नाशिकला होतं. तिकीट काढायचं ठरतही होतं. पण पद्माकरांना दारावरची बेल ऐकू येत नाही, किटली उकळून आटली तरी कळत नाही, त्यांना एकटं टाकून कसं जायचं? तिनं आहेर पाठवला आणि घरी राहिली.

ती वाड्यातल्यासारखं, गल्लीत ऐकू जाईल असं बोलणारी बाई मुळात नव्हती. घराजवळच्या छोट्या लायब्ररीत ती अर्धवेळ काम करायची, तिथं तर कुजबुजण्याचीच सवय. पण घरात दिवसभर आवाज चढवून चढवून तिचा गळा बसका झाला. एकदा लायब्ररीत एका म्हाताऱ्या बाईंना पुस्तक देताना तिच्या तोंडून घरचा आवाज निघाला. सगळे मान वर करून बघायला लागले. शेजारच्या मिसेस हार्टलींनीही एकदा कुंपणावरून हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना, डिअर?" सुहासिनीनं हसून स्वतःच्या कानाकडे बोट केलं. त्या दिवशी तिला फार लाज वाटली, पण पद्माकरांवर राग आला नाही. बिचाऱ्यांचा काय दोष, असंच ती म्हणायची.

तिला मोकळं बोलायला एकच माणूस होतं, अलका. दोघी पुण्याला एका वर्गात होत्या, आणि आता अलका हाउन्सलोला राहून हीथ्रोवर नोकरी करायची. फोन हॉलमध्ये होता, बैठकीच्या खोलीच्या दाराला लागून. आत पद्माकर पेपर वाचत बसलेले असायचे. दार लावायची गरजच नव्हती. सुहासिनी जिन्याच्या पायरीवर बसायची आणि शनिवारी दुपारी अलकाशी तासभर बोलायची. सासूबाईंचं जुनं बोलायची. पुण्यातली शाळेची नोकरी सोडून इकडे आल्याचं बोलायची. इतक्या वर्षांत या माणसानं एकदाही "तुला काय हवं?" असं विचारलं नाही, हेही ती तिथंच बसून बोलली होती. बोलून झालं की मन हलकं व्हायचं आणि ती उठून स्वयंपाकाला लागायची.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली.

हॉस्पिटलनं सुई घालून तपासायला घेतलं आणि रिपोर्टला वेळ लागेल म्हणून सांगितलं. ती गाडी घेऊन एकटी गेली, एकटी आली. पद्माकरांना सांगायचं तिच्या मनात होतं. त्यांच्यासमोर जाऊन उभीही राहिली. पण ही गोष्ट ओरडून कशी सांगायची? मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, भिंतीपलीकडच्या मिसेस हार्टलींना ऐकू जाईल अशी? तिच्यानं झालं नाही. तिनं जिन्यावर बसून अलकाला सांगितलं. बोलता बोलता ती रडायला लागली, आणि अलका पलीकडून म्हणत राहिली, "अगं, मी येते. रजा काढते आणि येते." उघड्या दारातून सुहासिनीला पद्माकर दिसत होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

गाठ साधी निघाली. मीनलला तिनं कळवलंच नाही. पोरीला उगाच घोर कशाला? आणि हळूहळू तो विषय मागे पडला.

पुढच्या वर्षी त्यांच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे, साठी उलटलेल्यांसाठी तपासण्या सुरू झाल्या. वजन, ब्लडप्रेशर, डोळे, असं एकाच सकाळी सगळं व्हायचं. पद्माकर ब्लडप्रेशरसाठी राजी झाले. त्यात कानांचीही तपासणी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलीनं ते सांगितलं तेव्हा सुहासिनी लगेच म्हणाली, "हो, हो, त्यांना त्याचीच जास्त गरज आहे."

पद्माकर म्हणाले, "राहू दे. आता काय उपयोग?"

"बसा हो पाच मिनिटं," ती त्यांच्या कानाशी ओरडली. वेटिंग रूममधले लोक वळून बघायला लागले. पद्माकर उठून तिच्यामागून गेले.

तपासणी करणाऱ्या बाईंचं नाव ज्युडिथ होतं. पन्नाशीच्या, शांत. खोली लहान होती, खिडकीला जाड पडदा होता. सुहासिनीनं पाच वर्षांची सगळी हकीकत सांगितली. ज्युडिथनं तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला सांगितलं, फक्त मध्ये बोलू नका म्हणाल्या. पद्माकरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला, कितीही बारीक असला, की दाबायचं.

पद्माकर कधी दाबत होते, कधी नव्हते. ज्युडिथ मशीनची खुंटी फिरवत होत्या. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी तेच आवाज पुन्हा दिले. आता पद्माकरांनी मघाशी सोडलेले आवाज पकडले आणि मघाशी पकडलेले सोडले. तिसऱ्यांदाही काही जुळेना. ज्युडिथनं हेडफोन काढून बाजूला ठेवले, आणि त्यांच्या पाठीमागे उभं राहून, लायब्ररीत बोलावं तितक्या हळू आवाजात विचारलं, "मिस्टर सबनीस, तुमचा वाढदिवस कोणत्या महिन्यात असतो?"

"नोव्हेंबर," पद्माकर म्हणाले.

"आणि इथं येताना पाऊस होता का?"

"नाही, आता थांब..." पद्माकर मध्येच थांबले.

सुहासिनीला पहिल्यांदा आनंद झाला. खरोखरच झाला. कान सुटले, असंच तिच्या मनात आलं. ती उठून उभी राहिली. तेवढ्यात ज्युडिथनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत अवघडलेपण होतं, आणि थोडी कीवही.

"ही तर चांगली बातमी आहे," ज्युडिथ सांभाळून म्हणाल्या. "या वयाच्या मानानं तुमचे कान उत्तम आहेत. पाणी केव्हाच ओसरलं असणार. कधीकधी माणसाला एकदा सवय लागते, आणि..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. पद्माकर भिंतीकडे बघत होते.

दोघं गाडीत बसली. सुहासिनी नेहमीसारखी आरसा बघून, सिग्नल देऊन निघाली. रिंग रोडच्या लाल दिव्याला गाडी थांबली. पुढे बघत, आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "मागच्या सीटवर माझी पर्स आहे. देता का?"

पद्माकर वळले आणि पर्स उचलून तिच्यापुढे धरली.

दोघंही त्या पर्सकडे बघत राहिली. दिवा हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा सुहासिनीनं गाडी पुढे घेतली.

घरी आल्यावर तिनं कोटही काढला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पद्माकर दारात उभे होते.

"कधीपासून?"

"सुहास, आधी जरा पाणी..."

"कधीपासून येतंय ऐकू?"

ते समोरची खुर्ची ओढून बसले. बराच वेळ टेबलावरचा रुमाल सरळ करत राहिले. "त्या हिवाळ्यानंतर लगेचच. एप्रिल असेल. सकाळी उठलो तर बाहेर पाखरं ऐकू आली. तुला सांगायलाच खाली आलो होतो. तू फोनवर होतीस, माझ्या पेन्शनचं काहीतरी बोलत होतीस त्या ऑफिसशी. वाटलं, उद्या सांगू."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी वाटलं, राहू दे चार दिवस." ते आता तिच्याकडे बघत बोलायला लागले. "तुला नाही कळायचं. ऑफिसात इतकी वर्षं प्रत्येक माणूस मला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावायचा. पार्डन, पार्डन. माझं इंग्रजी काही इतकं वाईट नव्हतं. मीटिंगमध्ये मी बोललो की सगळे एकमेकांकडे बघायचे. मला कुणाशी म्हणून बोलायचं उरलं नव्हतं. कान गेले तेव्हा कुणी काही विचारेना, मी उत्तर देणं लागेना. पहिल्यांदा शांत वाटलं."

"कुणाशी म्हणजे माझ्याशीसुद्धा?"

"तुझ्याशी बोलत होतोच की."

"मी ओरडत होते. तुम्ही ऐकत होता." तिचा आवाज आत्ताही वर चढला, सवयीनं, आणि तो ऐकून ती स्वतःच थांबली. पुन्हा बोलली तेव्हा हळू बोलली. "मी सुमनताईकडच्या लग्नाला गेले नाही. किटली आटेल म्हणून."

"मी तुला जा म्हणालो होतो."

"हो. आणि मी ओरडून विचारलं, बेल वाजली तर? तेव्हा तुम्ही हात कानामागे नेलात आणि म्हणालात, काय?"

पद्माकर पुन्हा रुमाल सरळ करायला लागले.

मग तिला जिना आठवला. तो आपसूक आठवला. पाच वर्षांचे शनिवार होते ते. सासूबाई, पुण्याची शाळा, आणि तो कधीच न विचारलेला प्रश्न. तो प्रश्न त्यांनी ऐकला होता. ऐकूनही कधी विचारला नव्हता.

"गेल्या वर्षी मार्चमध्ये," ती म्हणाली. "मी अलकाशी बोलत होते. हॉस्पिटलातून आले त्या आठवड्यात. तुम्ही आत होता."

पद्माकरांनी मान खाली घातली.

"तुम्ही पान उलटलंत. मला दिसत होतं."

"मला वाटलं तू मला सांगशील."

"कशी सांगणार होते? ओरडून?"

"मीसुद्धा त्या दिवसांत झोपलो नाही सुहास. देवाशपथ. तुला वाटतं मला काही झालं नाही?"

"मग नुसता हात धरायचा होता," ती म्हणाली. "हात धरायला कान लागत नाहीत."

"धरला असता तर तुला कळलं असतं," पद्माकर म्हणाले.

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की सुहासिनीला ते कळायला एक क्षण लागला. म्हणजे त्यांनी विचार केला होता. एका बाजूला ती होती, रडणारी, आणि दुसऱ्या बाजूला त्यांची ती शांतता. आणि त्यांनी निवड केली होती.

"रिपोर्ट आला त्या दिवशी तुम्ही चहा केला होता," ती म्हणाली. "आपण होऊन. मी अलकाला सांगितलं, अगं, यांना काही कळत नाही, पण आज बघ कसा चहा करून दिला."

"हो," पद्माकर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली. "मीच केला होता."

सुहासिनी उठली आणि खोलीबाहेर गेली.

अलकाला सांगायचं होतं, पण हॉलमधल्या त्या पायरीवर बसायला तिचं मन होईना. ती पोस्ट ऑफिसजवळच्या फोनबूथमध्ये गेली आणि अलकाच्या ऑफिसात फोन लावला. अलकानं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझंसुद्धा सगळं ऐकलं त्यांनी." अलकाच्या घटस्फोटाबद्दल सुहासिनी तिला काय काय सांगत आली होती ते दोघींनाही त्या क्षणी आठवलं. मग अलका म्हणाली, "इकडे ये. माझ्याकडे राहा." सुहासिनी म्हणाली, "घर माझंही आहे गं. मी का निघू?"

मीनलला तिनं त्या शनिवारी सांगितलं. मीनल हसायला लागली.

"ओ माय गॉड, डॅड इज अनबिलिव्हेबल. आई, सगळे हजबंड्स तेच करतात. सिलेक्टिव्ह हिअरिंग. माझा डेव्ह पण करतो."

"मीनल, मला छातीत गाठ आली होती."

पलीकडचं हसणं थांबलं. सुहासिनीनं सगळं सांगितलं. मीनल बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"तू मला का नाही सांगितला?"

"तुला घोर नको म्हणून."

"अलकामावशीला सांगितला. मला नाही." मग थोड्या वेळानं, "तुम्ही दोघं सेम आहात, आई. यू बोथ डिसाइड काय मला कळायला पाहिजे." तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून सॉरी म्हणाली, पण तिचं आधीचं वाक्य सुहासिनीला लागायचं ते लागलंच. त्यात थोडं तरी खरं आहे हे तिला दिसत होतं, आणि ते आत्ताच ऐकायला लागावं याचंही तिला वाईट वाटलं.

दिवाळीनंतर तिनं पद्माकरांना सांगितलं की तुम्ही थोडे महिने ठाण्याला शशिकांतभावजींकडे जाऊन या.

"तू घालवून देतेस मला?"

"मला या घरात कुणी ऐकत नसताना राहायचं आहे. खरंच ऐकत नसताना."

पद्माकर गेले. एअरपोर्टवर तिनंच सोडलं.

तिला वाटलं होतं, घर रिकामं झालं की जीव मोकळा होईल. पहिल्या शनिवारी ती जिन्यावर बसली आणि अलकाला फोन लावला. बैठकीची खोली रिकामी होती, खुर्ची रिकामी होती. तरी तिला बोलता येईना. उठून दार लावलं. मग स्वयंपाकघराचं दार लावलं. पुन्हा येऊन बसली, आणि अलका काय काय विचारत होती त्याला ती नुसतं "हं, हं" करत राहिली. पुढच्या शनिवारीही तसंच झालं. पाच वर्षं ती ज्या मोकळेपणानं बोलत होती तो खोटाच होता, पण तेवढाच तिच्याजवळ होता, आणि आता तो कुठून पुन्हा आणायचा हे तिला कळेना. लायब्ररीत मात्र तिचा आवाज आपोआप पूर्वीसारखा मऊ झाला. तिथल्या मॅनेजर बाईंनी ते बोलूनही दाखवलं.

ठाण्याहून पद्माकर दर रविवारी फोन करायचे. आता ते पुष्कळ बोलायचे. शशिकांतचे गुडघे, नवे पूल, भाज्यांचे भाव. एकदा मध्येच म्हणाले, "सुहास, तुला काय हवं? येताना काय आणू?"

कितीतरी वर्षांनी आलेला तो प्रश्न ऐकून ती रिसीव्हर धरून उभी राहिली. तो कुठून आला होता हे तिला माहीत होतं. उघड्या दारातून चोरून नेलेली आपली वस्तू कुणी आपल्यालाच भेट म्हणून द्यावी, तसं तिला झालं.

"काही नको," ती म्हणाली.

मार्चमध्ये ते परतले. सुहासिनीनं त्यांना घरात घेतलं. जेवण दोघांचं होत होतं, कपडे दोघांचे धुतले जात होते. तिनं आपलं अंथरूण मीनलच्या खोलीत हलवलं होतं, ते तिथंच राहिलं. गाडी आता त्यांनी चालवायला हरकत नव्हती, पण किल्ली तिनं परत दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. मंडळाच्या पाडव्याला लोकांनी पद्माकरांचे कान बरे झाले म्हणून अभिनंदन केलं, कुणी पेढेही मागितले. सुहासिनी शेजारी उभी होती. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. त्यांच्यासाठी नाही, तर आपली पाच वर्षं लोकांच्या हसण्यावारी जायला नकोत म्हणून.

मे महिन्यात अलका हाउन्सलोहून चार दिवस राहायला आली. पहिल्या दुपारी तिघं जेवायला बसली. पद्माकर खुशीत होते. ठाण्याच्या गमती सांगत होते, अलकाला आग्रह करत होते, तिच्या नोकरीचं विचारत होते. अलका नेमकी, मोजकी उत्तरं देत होती. पूर्वी या टेबलाशी ती त्यांच्यादेखत काहीही बोलायची. आता भाजी छान झाली म्हणण्यापलीकडे तिला सुचत नव्हतं.

जेवण झाल्यावर सुहासिनीनं दोघींचे कोट काढले.

"कुठे निघालात?" पद्माकरांनी विचारलं.

"बोलायला," सुहासिनी म्हणाली.

दोघी चालत राउंडहेच्या पार्कात गेल्या. तळ्याकाठी ऊन होतं, कामाचा दिवस असल्यामुळे फारशी माणसं नव्हती. बाकावर बसल्यावरही सुहासिनीनं एकदा मागे वळून पाहिलं. मग अलकाच्या जवळ सरकली आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागली.